‘इनकॉरिजिबल’ : एका शब्दाचे शुद्धिपत्र

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त घोरावाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली, याबद्दल प्रथम हार्दिक अभिनंदन. संस्थेच्या कार्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी विस्ताराने सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. कार्यकारिणीतील तरुण मंडळी निमंत्रण घेऊन घरी आली, तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटले, “माणूस सुधारू शकतो किंवा सुधारू शकत नाही, हे सांगणारे इंग्रजी शब्द.” त्यांनी एकमेकांकडे पाहिले. सर निवृत्त झाले तरी अजून वर्गातून बाहेर आलेले नाहीत, असे त्यांना वाटले असावे. ते खरेही आहे. चौतीस वर्षे मी या मावळ तालुक्यातील मुलांना इंग्रजी शिकवले. त्यांपैकी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी एक शब्द लिहिला होता. आज त्या शब्दाविषयी बोलायचे आहे. मात्र त्या मुलापर्यंत पोहोचण्यापूर्वी शब्दांची थोडी ओळख करून द्यावी लागेल. ती आपण सहन करावी.

आपला समाज व्यापारी समाज, म्हणून व्यापाराच्या शब्दापासून प्रारंभ करतो. ‘इम्प्रूव्ह’ हा शब्द प्रत्येक प्रगतिपुस्तकात असतो. मुलाने अक्षर इम्प्रूव्ह करावे, वर्तन इम्प्रूव्ह करावे. या शब्दाचे मूळ पाहिले, तर ते जुन्या फ्रेंच भाषेतील नफ्याच्या शब्दात आहे. जमिनीतून किंवा पैशातून फायदा काढणे, हा त्याचा आरंभीचा अर्थ होता आणि चांगुलपणाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये शहरात रुंद रस्ते आणि हवेशीर वस्त्या करण्यासाठी ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला, तेव्हाही हा शब्द जमिनीच्या जवळच होता.

‘रिडीम’ म्हणजे परत विकत घेणे. गहाण ठेवलेला दागिना पैसे भरून सोडवून आणावा, तसे. आपल्यापैकी ज्यांचा शेअरबाजाराशी संबंध आहे, त्यांना रिडीमेबल डिबेंचर हा शब्द परिचयाचा आहे. हाच शब्द माणसाला लावला, की तो माणूस कोणाकडे तरी गहाण पडला आहे आणि किंमत मोजणारा भेटला तर सुटेल, असा अर्थ होतो. ‘अमेंड’ म्हणजे दोष बाहेर काढणे. राज्यघटनेत होते ती अमेंडमेंट, जिला आपण घटनादुरुस्ती म्हणतो. चप्पल किंवा छत्री नीट करणे या अर्थाचा ‘मेंड’ हा त्याचाच आखूड झालेला भाऊ. येथे एक जुनी चूक सांगून टाकतो. ‘अमेनेबल’ हा शब्द ‘अमेंड’पासून आला, असे मी कित्येक वर्षे वर्गात सांगत होतो. तसे नाही. तो फ्रेंचमधील ‘घेऊन जाणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. जो हाताला धरून नेता येतो, तो अमेनेबल. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी दुरुस्ती करून घ्यावी.

‘रिक्लेम’ची कथा अधिक रंजक आहे. शिकारीसाठी पाळलेला ससाणा आकाशात दूर गेला, की त्याला हाक मारून पुन्हा मनगटावर बोलवायचे, याला पूर्वी रिक्लेम म्हणत. हाच शब्द पुढे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीला लागला. मुंबईकर ‘रेक्लमेशन’ म्हणतात ते हेच. आणि हाच शब्द आपल्या महाराष्ट्रात माणसांनाही लावला गेला. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. या लोकांचे रिक्लमेशन करणे, असा हेतू सरकारी कागदांत लिहिला जाई. ज्या मुलाने आईच्या कुशीतून बाहेर येण्यापलीकडे अद्याप काही केलेले नाही, त्याला कोठून परत बोलवायचे होते, हे त्या कागदांत लिहिलेले नसे. तो कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

आता मुख्य शब्दाकडे येतो. ‘कॉरिजिबल’. जो सरळ करता येतो तो. लॅटिन भाषेत ‘रेगेरे’ म्हणजे सरळ नेणे, नीट दिशेने चालवणे. करेक्ट, डायरेक्ट, रूल, रेग्युलर ही सर्व त्याच घरातील मंडळी. या घराचे एक दूरचे नाते आपल्याकडे निघते. भाषाशास्त्रज्ञ लॅटिनमधील या धातूचे आणि संस्कृतातील ‘ऋजु’ या शब्दाचे मूळ एकच मानतात. ऋजु म्हणजे सरळ. आर्जव हा धर्म त्यावरून झाला. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले, ते ऋजुवालिका नदीच्या काठी.

उत्तराध्ययन सूत्रात केशी श्रमण आणि गौतमस्वामी यांचा संवाद आहे. एका तीर्थंकरांचे चार महाव्रत आणि दुसऱ्या तीर्थंकरांचे पाच महाव्रत, असा भेद का, हा तेथील प्रश्न आहे. गौतमस्वामींनी उत्तर देताना तीन प्रकारचे साधू सांगितले. पहिल्या तीर्थंकरांचे ऋजु पण जड, मधल्या बावीस तीर्थंकरांचे ऋजु आणि प्राज्ञ, आणि शेवटच्या तीर्थंकरांचे, म्हणजे आपल्या काळातले, वक्र आणि जड. वाकडे आणि शिवाय मंद. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी ऐकायला हे फारसे गोड नाही, पण आगमात तसे आहे. या निदानावर उपाय म्हणून काय दिले, ते पाहण्यासारखे आहे. मधल्या बावीस तीर्थंकरांच्या साधूंना दोष लागला तरच प्रतिक्रमण होते. आपल्याला मात्र दोष लागो वा न लागो, सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रमण आहे. शिवाय पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक. ‘तुम्ही वाकडे आहात’ असे सांगून कोणाला दाराबाहेर काढले नाही. वाकडे आहात, म्हणून रोज या, असे सांगितले.

इंग्रजीत या शब्दाचे वेगळेच झाले. ‘कॉरिजिबल’ हा होकारार्थी शब्द वापरातून जवळजवळ गेला. मी चौतीस वर्षांत एकाही सहकाऱ्याच्या तोंडून तो ऐकला नाही. त्याचे नकारार्थी रूप ‘इनकॉरिजिबल’ मात्र जोमाने जगले. इंग्लंडच्या १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यात माणसांच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली आळशी व बेशिस्त, दुसरी लुच्चे व भटके आणि तिसरी, सर्वांत खालची, ‘इनकॉरिजिबल रोग’. म्हणजे सुधारण्यापलीकडचा बदमाश. अलीकडे एक गंमत झाली आहे. माझा नातू संगणकाच्या क्षेत्रात आहे. त्याने सांगितले, की विचार करणारी यंत्रे तयार करणारे लोक ‘कॉरिजिबल’ हा शब्द पुन्हा वापरू लागले आहेत. माणसाने केलेली दुरुस्ती जे यंत्र अडवत नाही, करू देते, ते कॉरिजिबल. माणसांना जो शब्द फारसा मिळाला नाही, तो यंत्रांना मिळाला.

आपल्या मराठीत काय आहे? कोशकार ‘सुधारणाक्षम’, ‘असुधार्य’ असे शब्द देतात, पण ते स्वयंपाकघरात कोणी बोलत नाही. घरात आपण ‘सुधारेल हो’ किंवा ‘हा काही सुधारायचा नाही’ असे क्रियापदाने बोलतो. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, त्यामुळे सुधारणा करणाऱ्याला मराठीत मानाचे नाव मिळाले. ज्याने सुधारायचे, तो बिनावाच राहिला. आपल्या म्हणीही इंग्रजांना हार जाणाऱ्या नाहीत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे. तेव्हा इंग्रजी भाषा कठोर आणि आपली मृदू, असा निवाडा देण्याचा माझा हेतू नाही. पण त्या ‘सुधारणाक्षम’ शब्दात एक गोष्ट दडलेली आहे. ‘क्षम’ म्हणजे समर्थ. त्यावरून क्षमता, सक्षम. आणि त्याच ‘क्षम्’ धातूपासून क्षमा. सोसणे हा त्या धातूचा अर्थ. संवत्सरीला आपण ‘खामेमि’ म्हणतो, तेही त्याच धातूचे प्राकृत रूप. एखाद्याची क्षमता आणि त्याला दिली जाणारी क्षमा हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत, हे शाळेत असताना मला माहीत नव्हते. माहीत असते, तर पुढे सांगतो ती गोष्ट घडली नसती, असेही मी म्हणणार नाही. माहितीने एवढे होत नाही.

सन १९७९. मी नववीच्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव आणि गाव मी घेणार नाही. आपल्याच समाजातला, वडिलांचे एका खेडेगावात किराणा दुकान. मुलगा इंग्रजीत सतत नापास. तासाला खिशातून काहीतरी काढून बाकाखाली त्याच्याशी खेळत बसे. एकदा मी झडती घेतली, तेव्हा एक स्प्रिंग, दोन स्क्रू आणि घड्याळाचे मोडके चाक निघाले. छड्या खाल्ल्या, वर्गाबाहेर उभा राहिला, माफीपत्रे लिहिली. आठवड्याने पुन्हा तेच. सहामाही परीक्षेनंतर प्रगतिपुस्तके भरताना त्याच्या नावापुढील शेऱ्याच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला : ‘इनकॉरिजिबल’. वळणदार अक्षरात लिहिला. बाकीच्या मुलांचे शेरे मी मराठीत लिहिले होते. याच मुलाचा इंग्रजीत का लिहिला, याचे उत्तर मला तेव्हाही ठाऊक होते. त्या वर्षी मी बी.एड. पूर्ण करून आलो होतो आणि हा शब्द माझ्याकडे नवा होता.

दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. दुकान बंद ठेवून, एस.टी.ने. वहीखात्याची मोडी आणि मारवाडी अक्षरे त्यांना येत, मराठी चांगले वाचत, इंग्रजी येत नव्हते. शिक्षकांच्या खोलीच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. प्रगतिपुस्तक उघडून त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, “सर, हा शब्द चांगला आहे की वाईट, एवढंच सांगा. मुलगा सांगत नाही.”

त्या क्षणी मला खरे सांगता आले असते. किंवा पेन काढून तो शब्द खोडता आला असता. मी म्हणालो, “लक्ष द्यायला पाहिजे, असा अर्थ आहे.” त्यांनी दोन्ही हात जोडले, “देतो सर, लक्ष देतो,” म्हणाले आणि गेले. मे महिन्यात मुलाचा दाखला काढायला ते पुन्हा आले, तेव्हा मी वर्गावर होतो. भेट झाली नाही.

पुढची पंचवीस वर्षे ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. तो मुलगा मनात नव्हता, असे नाही. कोठे हा शब्द वाचला, की ते बोट आठवे.

तोवर मी वाचत गेलो. या शब्दाने एकदा पाठ धरली, की तो कोठेकोठे भेटतो. न्यायालयात भेटतो. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षेचा विचार केला. फाशी दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच द्यावी, हे त्या निकालातील वाक्य सर्वांना माहीत आहे. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. आरोपी सुधारण्याची आणि पुन्हा समाजात बसण्याची शक्यता आहे का, हे न्यायाधीशाने पाहावे. आणि तशी शक्यता नाही, असे म्हणायचे असेल, तर ते सरकारने पुराव्याने सिद्ध करावे. सिद्ध करण्याचे ओझे ‘इन’ या उपसर्गावर टाकले. हत्येच्या आरोपीला कायद्याने जे दिले, ते मी नववीतल्या एका मुलाला दिले नव्हते. मी पुरावा काय गोळा केला होता? एक स्प्रिंग आणि दोन स्क्रू.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे गेला. पूर्वी ‘रिफॉर्मेटरी’ होती. १८९७ चा कायदाच त्या नावाचा. लोकांच्या तोंडी ‘रिमांड होम’ आणि ‘बालसुधारगृह’ हे शब्द राहिले. आता वर्तमानपत्रांत आपण ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा लांबलचक शब्द वाचतो आणि हसतो. मीही हसलो होतो. परंतु २०१५ च्या बाल न्याय कायद्याने एक तत्त्वच घालून दिले आहे, की मुलाविषयीच्या कामकाजात त्याच्यावर ठपका ठेवणारे, आरोप चिकटवणारे शब्द वापरायचे नाहीत. ते वाचले, तेव्हा हसू थांबले.

महाराष्ट्रात या विषयावर एक प्रयोग झाला आहे, तो मला येथे सांगितलाच पाहिजे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसवली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन, ज्यांना भारतानंद म्हणत, यांचा त्यामागे पुढाकार होता. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न ठेवता त्यांनी शेती करावी, बायकामुलांसह राहावे, अशी ती कल्पना. आज ते ठिकाण सांगली जिल्ह्यात येते. ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. सहा कैदी, म्हणून बारा हात. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. पण स्वतंत्रपूरविषयी मला विशेष वाटते ते त्याच्या नावाचे. त्या नावात तुरुंग नाही, गुन्हा नाही, सुधारणाही नाही. तेथे राहणाऱ्याला आपला पत्ता सांगताना मान खाली घालावी लागली नसेल.

आता एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. कोणी म्हणेल, सर, आपल्याच शास्त्रात ‘अभव्य’ आहे की. बरोबर आहे. मोक्षाची योग्यता ज्याच्यात आहे तो भव्य, ज्याच्यात ती कधीही प्रकट होणार नाही तो अभव्य. मूग कितीही शिजवले, तरी काही दाणे टणक राहतात. आपल्या घरांत त्याला कोरडू म्हणतात, मराठीत गणंग. अभव्य जीवाला हीच उपमा देतात. म्हणजे ‘इनकॉरिजिबल’ला आपल्याकडे आधार आहे, असे दिसते. मीही त्या मुलाच्या बाबतीत मनाशी हा आधार घेऊन पाहिला आहे. तो टिकत नाही. एक तर अभव्य कोण, हे केवलज्ञानीच जाणतात. वर्गशिक्षक जाणत नाही. दुसरे, अभव्य जीव बाहेरून ओळखू येत नाही. तो दीक्षा घेऊ शकतो, कडक चारित्र पाळू शकतो, त्या बळावर थेट नवव्या ग्रैवेयकापर्यंत जाऊ शकतो, असे शास्त्र सांगते. म्हणजे असलाच, तर तो माझ्या वर्गातला पहिल्या बाकावरचा, शंभर टक्के हजेरीचा मुलगाही असू शकेल! आणि तिसरे, ‘मी भव्य असेन की अभव्य’ अशी चिंता ज्याला पडते, तो भव्यच, असे परंपरेत सांगतात; अभव्याला ती शंका येतच नाही. हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःपुरता विचारायचा आहे. दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिण्यासाठी तो नाही.

पर्युषणात स्थानकात अंतगडसूत्राचे वाचन होते, त्यात अर्जुनमाळी येतो. रोज सहा पुरुष आणि एक स्त्री यांचा वध करणारा. राजगृहाने आपल्या वेशी बंद करून घेतल्या होत्या. सुदर्शन श्रावक भगवंतांच्या दर्शनाला निघाला, वाटेत अर्जुन मुद्गर उगारून धावून आला, सुदर्शन ध्यानात उभा राहिला. त्याने उपदेश केला नाही, शेरा दिला नाही. यक्ष निघून गेला, अर्जुन जमिनीवर पडला, शुद्धीवर आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो, तुम्ही कोठे निघाला आहात. मग दोघे मिळून भगवंतांकडे गेले. लहानपणी मला ही कथा येथेच संपते असे वाटे. खरी कथा पुढे आहे. दीक्षा घेतलेला अर्जुन त्याच राजगृहात गोचरीला जाई, तेव्हा लोक म्हणत, याने माझ्या बापाला मारले, याने माझ्या बहिणीला मारले. कोणी शिव्या दिल्या, कोणी मारले. अन्न मिळाले तर पाणी मिळत नसे. ते त्याने सहा महिने सोसले आणि मोक्ष मिळवला. लोक खोटे बोलत नव्हते, हे ध्यानात घ्या. त्याने ते केले होते. फक्त तो आता तेवढाच नव्हता.

आपल्या प्रतिक्रमणात अतिचार आहेत. त्यांची भाषा इंग्रजीच्या शिक्षकाने अभ्यासावी अशी आहे. तिसऱ्या अणुव्रताचेच पाहा. चोरीचा माल घेतला असेल, खोटे वजन, खोटे माप ठेवले असेल, चांगल्यात हलके मिसळून विकले असेल. असे एकेक कृत्य मोजून नाव घेऊन सांगायचे. ‘मी लबाड आहे’ असे त्यात कोठेही म्हणायचे नाही. केले ते सांगायचे, आहे ते ठरवायचे नाही. प्रायश्चित्ताचे प्रकार तत्त्वार्थसूत्रात नऊ दिले आहेत. आरंभ आलोचनेने, म्हणजे दोष स्वतःच्या तोंडाने सांगण्याने, आणि शेवटचे उपस्थापना. उपस्थापना म्हणजे पुन्हा उभे करणे, पुन्हा दीक्षा. त्या यादीच्या तळाशीसुद्धा हकालपट्टी नाही.

सन २००४ मध्ये मी निवृत्त झालो. त्याच वर्षी भाद्रपदात, संवत्सरी होऊन तीन-चार दिवस झाले होते. या घोरावाडीत एका परिचितांकडे आलो होतो. परतताना स्थानकावर लोकलची वाट पाहत उभा होतो. बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्या मधले हे लहानसे स्थानक, दुपारची वेळ, फलाटावर चार माणसे. पाऊस नुकताच थांबला होता. त्यांतील एक गृहस्थ जवळ आले, पायांना हात लावला आणि नाव सांगितले. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. पिशवीतून पितळी तराजूची दांडी बाहेर आलेली.

वजनकाटे दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय. रीतसर परवाना असलेला. आपल्यापैकी दुकानदारांना माहीत आहे, काटा ठरावीक मुदतीने तपासून, त्यावर सरकारी मुद्रा मारून घ्यावी लागते. आपण त्याला ‘काटा पासिंग’ म्हणतो. मावळातल्या बाजाराच्या गावांतून ते फिरत. माझ्या प्रश्नांना त्यांनी भरभरून उत्तरे दिली. दांडी कोठे झिजते, जुन्या काट्याची सुरी घासली की तो कोणत्या बाजूला खोटे बोलू लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्यात ओल गेली की काय होते. इंग्रजीच्या तासाला ज्याने चौतीस वाक्येही पूर्ण बोलली नव्हती, तो माणूस वीस मिनिटे बोलत होता. ती स्प्रिंग कसली होती, हे मला त्या दिवशी कळले.

मी त्यांना सांगितले, की मी तुमच्या प्रगतिपुस्तकात एक शब्द लिहिला होता.

ते म्हणाले, “माहीत आहे सर. दोन वर्षांनी तळेगावला एका दुकानात डिक्शनरी होती, तिच्यात पाहिला.” थोडे थांबून म्हणाले, “वडिलांना नाही सांगितला. ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे, सर म्हणाले होते, लक्ष द्या. द्यायचेही. रोज रात्री दुकान बंद केल्यावर माझ्याजवळ बसून मी काय उघडतोय ते बघायचे.”

मी हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटले. संवत्सरीला शेकडो जणांना पत्रिका पाठवून म्हटले होते, त्यांत यांचे नाव नव्हते. त्यांनी माझे जोडलेले हात धरले, पण “काही नाही सर, विसरून जा” असे म्हटले नाही. तसे म्हणाले असते, तर मला सोपे गेले असते. लोकल आली. गर्दी होती. त्यांनी मला आत चढवले, पिशवी सांभाळत स्वतः दारात उभे राहिले आणि तळेगावला उतरून गेले.

माझे खोटे वाक्य त्यांच्या वडिलांनी खरे करून दाखवले आणि माझा खरा मानलेला शब्द खोटा पडला. हे कसे मांडावे, मला आजही नीट कळत नाही. खोटे बोलल्याचे समर्थन मी करत नाही. तो माझा दुसरा अतिचार, तो वेगळा मोजावा.

आता एकच विनंती, आणि ती या स्मरणिकेच्या संपादक मंडळाला आहे. व्याख्यान छापायचे आहे, असे त्यांनी कळवले आहे. प्रत्येक स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर शुद्धिपत्र असते. इंग्रजीत त्याला कॉरिजेंडा म्हणतात. आपल्या शब्दाचाच तो सख्खा भाऊ. जाहिरातदारांची नावे, देणगीदारांची गावे, ज्या काही चुका राहतात त्या तेथे दुरुस्त होतात. त्या पानावर जागा उरली, तर माझी एक ओळ घ्यावी : इयत्ता नववी, सन १९७९, सहामाही, शेऱ्याचा रकाना; छापलेला शब्द वगळावा. त्याऐवजी ‘हातात कसब आहे. इंग्रजीकडे शिक्षकांनी अधिक लक्ष द्यावे’ असे वाचावे.